हात लावू नये

निवृत्तीच्या समारंभात खोटं बोलायची आपल्याकडे रीत आहे. माणूस धडधाकट समोर बसलेला असतो आणि आपण त्याच्याविषयी तो गेल्यासारखं बोलतो. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे असली भाषणं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात. खिल्लारे बाईंच्या निरोपालाही मी खिशातून कागद काढला आणि ठरलेलं वाक्य टाकलं, "आजच्या भौतिकवादी युगातसुद्धा बाईंना भौतिकवादाचा वाराही शिवला नाही!" टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य तोंडात येतं न येतं तोच सत्कारमूर्ती खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"सर, बसा तुमी. तीस वरसं एका स्टाफरूममधी बसलो आपन, अन् एवढी बी वळख न्हाई का तुमाला माझी? मी भौतिकवादी हाय. पक्की. काहून खोटं बोलून राहिले?"

मंडपात हशा झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी मान खाली घालून फोन चाळायला घेतला. मी खाली बसलो. कान तापले होते आणि बाईंचा मनस्वी राग आला होता. तो राग आता उरलेला नाही. आता येतो तो माझाच येतो, आणि तो यायला इतके दिवस लागले याची लाज वाटते.

आमची शाळा औंढा तालुक्यातली, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका गावातली. आमच्या भागात भौतिकवादी ही शिवी आहे. सुनेनं घरात संडास मागितला की ती भौतिकवादी. पोरानं शेती सोडून मोबाईलचं दुकान टाकलं की तो भौतिकवादी. कीर्तनात, पालक सभेत, गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे या भौतिकवादाला झोडपत असतात, आणि झोडपून झालं की नव्या गाडीच्या बोनेटवर नारळ फोडायला जातात. मीही याच शब्दावर वर्गात अर्धा-अर्धा तास बोललेला माणूस आहे. संतांची कविता शिकवताना देह नश्वर, जग मिथ्या, हे सांगायला फार सोपं जातं. पगार एक तारखेला झाला नाही की मात्र मी दोन तारखेलाच ऑफिसात चौकशीला हजर असायचो, ही गोष्ट बाईंच्या नजरेतून सुटली नव्हती.

बाई विज्ञान शिकवायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, बोलताना हात हलवणाऱ्या. उजव्या अंगठ्याच्या पेरावर आम्लानं भाजल्याचा पांढरा डाग होता. त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती. कुठलीही वस्तू समोर आली की बोटाच्या गाठीनं ती ठोकायची, आवाज ऐकायचा, चिमटीत धरून चुरगाळायची आणि विचारायचं, "कशाचं हाय हे?" पेढा दिला तर मोडून त्याचा वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "खवा कमी, साखर लई." एकदा अध्यक्षांच्या नव्या गाडीचा दरवाजा त्यांनी असाच ठोकला. अध्यक्ष कौतुकाची वाट पाहत होते. बाई म्हणाल्या, "पत्रा पातळ हाय."

त्यांचे वडील धरणाच्या कामावर दगड वाहायला होते. दरवर्षी नववीच्या वर्गाला त्या धरणावर न्यायच्या आणि पोरांना भिंतीला तळवे टेकवून उभं करायच्या. "माझ्या बापानं उचललेला दगड ह्याच भिंतीत हाय. कोनता ते सांगता येत न्हाई, पन हाय." मग पाण्याचा दाब, भिंतीची जाडी, खाली भिंत रुंद का, हे सगळं तिथंच. एकदा मीही सोबत गेलो होतो. मी पोरांना पूर्णेच्या पाण्यावरची कविता ऐकवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "छान हाय. पन ह्यातला दगड कुनी उचलला ते न्हाई आलं, सर."

कुणाला वाटेल बाई रुक्ष असतील. अजिबात नाही. खाण्यापिण्याची त्यांना दांडगी आवड. धरणातली ताजी मासळी मिळाली की दुसऱ्या दिवशी तिचं वर्णन स्टाफरूममध्ये असं करायच्या की उपासवाल्यांचे हाल व्हायचे. वस्तू घ्यायच्या तर निवडून, चांगली, आणि मग ती वीस वर्षं वापरायची. त्यांचे यजमान एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, त्यामुळे घरात काही मोडलं तरी फेकलं जात नव्हतं. पहिल्या पगारात त्यांनी आईसाठी सागवानी पलंग करून घेतला होता. त्यावर गावात कुजबुज झाली, नोकरी लागली आणि लगेच चंगळ सुरू झाली म्हणे. माझ्याही तोंडून एकदा चेष्टेत तो शब्द गेला. बाई उसळल्या.

"चंगळ? माझी माय साठ वरसं भुईवर निजली, सर. तिच्या पाठीत माया न्हवती, मनके होते. ते दुखायचे. पलंग केला, दुखायचं थांबलं. ह्याला बी भौतिकवाद म्हना, माझी हरकत न्हाई. पन शेजारनीनं बघावं म्हनून घेतलेला सोफा अन् मायच्या पाठीखालचा पलंग एकाच पोत्यात भरू नका. अन् जग कशाचं बनलं ते हात लावून बघावं, हा इचार तर तिसराच. तुमी समदं एकाच पोत्यात कोंबता अन् वरून दांडकं घालता."

त्या शेजारणीच्या सोफ्यावरून टॉवेलची गोष्ट आठवली. आमच्याकडे लग्नात पुरुषांना टोपी-टावेल देतात. मानाचा आहेर. तो कुणी वापरत नाही. घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात पडतो. घरोघरी अशी टॉवेलांची चळत असते आणि बायकांच्या ट्रंकेत ब्लाउजपीसची. बाईंनी एकदा यजमानांना मिळालेल्या अशाच एका टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके घातले आणि कळमनुरीच्या एका लग्नात तो देऊन टाकला. पुढे विषय विसरून गेलो सगळे. तीन-चार वर्षांनी एका सकाळी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या टॉवेल फडकवतच. पुतण्याच्या लग्नात तो परत यजमानांच्या खांद्यावर पडला होता. लाल टाके तसेच, कंपनीचं स्टिकरसुद्धा तसंच.

"बघा! कितीक लगनं फिरून आलं हे बिचारं, अन् एका मानसाचं तोंड पुसलं न्हाई ह्यानं. अन् तुमी म्हनता लोकं वस्तूच्या मागं लागली. कोन लागलंय वस्तूच्या मागं? वस्तूची कदर असती तर वापरली नसती का? हा टावेलच न्हाई, सर. हा निसता मान हाय. दिसत न्हाई, वापरता येत न्हाई, निसता फिरतो. तुमच्या गावाइतकं अध्यात्मवादी गाव मी दुसरं पायलं न्हाई."

आम्ही पोट धरून हसलो. बाईंनी तिथल्या तिथं स्टिकर काढलं, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि त्या टॉवेलनं पुसलं. मग चिमटीत चुरगाळून म्हणाल्या, "सुती म्हनून छापलंय. पॉलिस्टर हाय. पानी पीत न्हाई."

पण बाईंचा खरा जीव होता तो प्रयोगशाळेत. व्हरांड्याच्या टोकाची लांब खोली, दोन ओटे, एक नळ, आणि मोजकं सामान. एक चांगला सूक्ष्मदर्शक होता, बाईंनी जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे घालून मिळवलेला. तो आला तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी लगेच भिंतीवर पाटी लावली, 'हात लावू नये'. बाईंनी ती उतरवली आणि मोडून कचऱ्यात टाकली. मुख्याध्यापक म्हणाले, पोरं मोडतील. बाई म्हणाल्या, "मोडू द्या. दुरुस्त करायला बी शिकतील." त्यांच्या तीस वर्षांत पोरांच्या हातून काचेच्या नळ्या ढिगानं फुटल्या, सूक्ष्मदर्शक एकदाही मोडला नाही.

तो बिघडला तो भक्तीमुळे. एका वर्षी दसऱ्याच्या आधी शाळेत यंत्रपूजा झाली. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. शिपायानं आणि आम्ही दोघातिघांनी प्रयोगशाळेतलं सगळं सामान ओट्यावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली, नारळ फोडला. सूक्ष्मदर्शकाला तर मीच कुंकू लावलं होतं. कुठं लावावं कळेना म्हणून वरच्या भिंगाला लावलं, ते त्याचं कपाळच आहे अशा भावनेनं. चांगलं दाबून, ठसठशीत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, डोळा लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग स्पिरिट आणि मऊ कापूस घेऊन बसल्या त्या शाळा सुटेपर्यंत. कुंकवाच्या कणांनी काचेवर चरे पडले होते. मी दारात जाऊन "चुकून झालं" म्हणालो. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"चुकून न्हाई, सर. ही तुमची जुनी सवय हाय. एखाद्या वस्तूला देव करून टाकलं की झालं. मंग तिला हात लावायचं बी काम न्हाई, तिच्यातून बघायचं बी काम न्हाई."

मला ते झोंबलं, कारण त्यात आणखी एक जुनी गोष्ट होती. ती बाई कधी बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नव्हत्या. बाई बौद्ध, मी शेतकरी मराठा घरातला. नोकरीच्या सुरुवातीला एकदा सगळा स्टाफ आमच्या घरी ज्वारीचा हुरडा खायला आला होता. हुरडा झाला, चहा आला. सगळ्यांना चिनीमातीचे कप, बाईंना एकटीला स्टीलचा ग्लास. आमच्या गोठ्याच्या वळचणीला पूर्वी एक फुटक्या कानाचा कप खोचलेला असायचा, तो कुणासाठी हे लहानपणी मला विचारावंसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी कप नव्हता, ग्लास होता. माझी आई स्वतःला फार सुधारलेली समजत होती. बाईंनी ग्लास नखानं वाजवला आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, कशाचा हाय हो?"

"स्टीलचा हाय, माय."

"अन् त्यायचे कप?"

"चिनीमातीचे."

"मंग मलाच चांगलं आलं. स्टीलला काई चिकटत न्हाई. घासलं की झालं."

आई आत निघून गेली. मी तिथंच होतो, चिनीमातीचा कप हातात धरून. मी तो खाली ठेवला नाही. चहा संपवला.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात चिंतन कक्ष आला. मुलांवर संस्कार व्हावेत, त्यांचं मन एकाग्र व्हावं, यासाठी गालिचा घातलेली, एसी लावलेली खोली. खोली कुठली, तर प्रयोगशाळेची, कारण तीच लांबरुंद आणि शांत. सामानाचं काय? त्यासाठी ऑफिससमोर व्हरांड्यात काचेचं कपाट होणार होतं. वर 'विज्ञान दालन' अशी पाटी, आत दिवे. तपासणीला साहेब आले की दारातच दिसेल. स्टाफ मीटिंग बोलावली गेली. ठराव आधीच लिहून आणलेला होता, फक्त सह्या हव्या होत्या.

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कपाट बघायला चांगलं, पण पोरांनी आम्ल आणि आम्लारी ओळखायचं कुठं? भिंगातून कांद्याची साल बघायची कुठं? अध्यक्ष चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, हीच त्यांची मोठी ताकद आहे. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "बाई, वय झालं आता आपलं. दोनचार काचेच्या नळ्यांचा एवढा मोह बरा नव्हे. हा भौतिकवाद सोडा. शेवटी सगळी मायाच आहे."

बाईंचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

"साहेब, मी सहा वरसांची होते. गावच्या आडावर मायसंगं घागर घिऊन उभी ऱ्हायचे, कुनी वरून पानी वतंल म्हनून. एक दिवस चुकून एकीच्या दोराला माझा हात लागला. तिनं आख्खी घागर उपडी केली, मातीनं घासली, अन् मला शिव्या देत दुसरं पानी शेंदलं. आता मला सांगा. घागर माया, पानी माया, दोर बी माया. मंग इटाळ तेवढा खरा कसा काय झाला हो?"

एखाद्यानं तरी म्हणायला हवं होतं की बाईंचं बरोबर आहे. मी म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर होतो, सेवाज्येष्ठ होतो, आणि माझ्या घरातला स्टीलचा ग्लास मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होता. अध्यक्षांनी घसा साफ केला, रजिस्टर पुढं सरकवलं आणि ते हातोहात फिरत माझ्याकडे आलं. मी सही केली. वळणदार, मराठीच्या शिक्षकाला शोभेल अशी. बाईंनी रजिस्टर सही न करताच पुढं दिलं.

तर अशा बाईंविषयी मी म्हणालो होतो की यांना भौतिकवादाचा वारा शिवला नाही. माईक हातात घेऊन त्या फार बोलल्या नाहीत. खांद्यावरची सत्काराची शाल चुरगाळून बघितली, "ॲक्रिलिक हाय," म्हणाल्या, आणि घडी घालून टेबलावर ठेवली. "मला शाल नगं. त्या कपाटाची किल्ली पोरायच्या हातात द्या, तेवढं बास." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांनी वाजवल्या. मग आभार, मग मसालेभात, आणि किल्ली ऑफिसच्या खिळ्याला.

पुढं सेवाज्येष्ठतेनं मी प्रभारी मुख्याध्यापक झालो. किल्ली खिळ्यावरून माझ्या खिशात आली.

गेल्या हिवाळ्यात बाई शाळेत आल्या होत्या. पेन्शनच्या कामासाठी सेवापुस्तकातल्या एका पानाची प्रत हवी होती. थोड्या वाळल्या होत्या, पण खोड तशीच. माझ्या टेबलावरची नवी काच ठोकून बघितली. काम झालं, चहा झाला. मी चहा चिनीमातीच्या कपातून मागवला होता आणि त्याचं मला मनातल्या मनात कौतुकही वाटत होतं. एवढाच मी सुधारलो होतो.

त्यांना सोडायला बाहेर आलो तर त्या कपाटासमोर थांबल्या. आत दिव्याखाली सूक्ष्मदर्शक, नळ्या, चुंबक, सगळं ओळीत. काचेवर नवी पाटी, छापील, लाल अक्षरांत, 'हात लावू नये'. बाजूच्या खोलीत नववीचा वर्ग चालू होता. नवे विज्ञान शिक्षक फळ्यावर सूक्ष्मदर्शकाची आकृती काढत होते आणि पोरं ती वहीत उतरवत होती. सूक्ष्मदर्शक त्यांच्यापासून दहा पावलांवर होता. बाई खिडकीतून वर्गाकडे बघत राहिल्या, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे.

"उघडता का, सर? निसतं त्या पोरायला एकदा डोळा लावू द्या. मी हाय तवर."

"बाई, संस्थेला विचारावं लागंल. अध्यक्षांनी सांगून ठेवलंय. तपासणी जवळ आलीय, त्यात काही..."

"तुमी तर माया शिकवता ना वर्गात? मंग हे कुलूप बी माया समजा, अन् उघडा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझा हात खिशात होता, बोटं किल्लीवर होती. मी ती बाहेर काढली नाही. मग बाईंनी उजवा तळवा उघडला आणि पाटीच्या बाजूला, त्या थंड काचेवर, धरणाच्या भिंतीवर पोरांना टेकवायला लावत तसा, पूर्ण दाबून टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. म्हणाल्या, "काच चांगली हाय. जाड हाय." पदर सारखा केला आणि औंढ्याची एसटी गाठायला फाटकाबाहेर निघून गेल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि मी हाक मारली नाही.

शिपाई फडकं घेऊन काच पुसायला आला. मी म्हणालो, "राहू दे."

पुसला नाही तरी तो ठसा आपोआप विरेल असं वाटलं होतं. उलट धूळ बसत गेली तसा तो जास्तच उठून दिसायला लागला, पाच बोटं, रुंद तळवा, अंगठ्याच्या पेरावर भाजल्या डागाची कोरी जागा. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी कारण सांगितलं असतं, तळव्याचं तेल, त्याला धूळ धरते, त्यात काही चमत्कार नाही. पोरं येता-जाता त्यावर आपला हात ठेवून मापून बघतात. त्यांना मी ओरडत नाही. माझं धाडस तेवढंच.

किल्ली पितळेची आहे. हातात धरली की तिचं वजन चांगलंच जाणवतं. अजून ती माझ्याच खिशात आहे.